अँडरसन सिल्वा विरुद्ध चेल सॉनन, 2010: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, नव्याने बघायला लागलेले लोक मला विचारतात की जुन्यातली एकच लढत बघायची तर कुठली बघू. मी गेली कित्येक वर्षं हीच सांगतो. बघून झाली की त्यांचे प्रश्न येतात, आणि ते जवळजवळ ठरलेले असतात. माझं लहानपण सांगली जिल्ह्यात तालमीच्या शेजारी गेलं, त्यामुळे उत्तरं देताना कुस्ती मध्ये येणारच. ती टाळून ही लढत मला समजावून सांगता येत नाही.

ही लढत नेमकी कधी आणि कुठे झाली?

7 ऑगस्ट 2010 रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात, ओरॅकल अरीनामध्ये. यूएफसी, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणारी अमेरिकन कंपनी. तिच्या यूएफसी 117 या कार्यक्रमाची ती शेवटची, मुख्य लढत. तिकडे शनिवारची रात्र होती आणि आपल्याकडे रविवारची सकाळ, पोह्यांची वेळ. पणाला लागला होता मिडलवेट गटाचा, म्हणजे 185 पौंड किंवा साधारण 84 किलोचा किताब. किताबाची लढत असल्यामुळे पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या.

निकाल कागदावर एका ओळीत मावतो. सिल्वा विजयी, पाचव्या फेरीत 3 मिनिटं 10 सेकंदांनी, ट्रायँगल (पायांच्या त्रिकोणात गळा आवळणं) आणि आर्मबार (हात ताणून कोपर मोडायला आणणं) यांच्या जोड डावाने. ती एक ओळ वाचून कुणाला वाटेल की विजेत्याने आपला दबदबा राखला. प्रत्यक्षात तो त्याआधीची 23 मिनिटं मार खात होता.

सिल्वा तेव्हा किती मोठा होता?

त्याच्याइतका मोठा त्या काळात बहुधा कुणीच नव्हता. साओ पाउलोत जन्मलेला, कुरितिबात वाढलेला हा ब्राझीलचा लढवय्या. ऑक्टोबर 2006 मध्ये त्याने रिच फ्रँकलिनला गुडघ्यांच्या फटक्यांनी मोडून किताब घेतला आणि तेव्हापासून यूएफसीत एकही लढत हरला नव्हता. सॉननशी भिडायला आला तेव्हा सलग 11 विजय नावावर होते आणि किताब वाचवण्याची ही सातवी वेळ होती. समोरच्याचा ठोसा नाकापासून चार बोटं जाऊ द्यायचा आणि त्याच क्षणी उलट फटका द्यायचा, ही त्याची खासियत. बघणाऱ्याला वाटावं, समोरचा माणूस पाण्यातून चालतोय.

पण लोक त्याच्यावर नाराजही होते. चारच महिने आधी, एप्रिल 2010 मध्ये अबू धाबीत डेमियन माइयाविरुद्ध त्याने सुरुवातीला वर्चस्व गाजवलं आणि पुढे लढायचंच सोडलं. नाचला, टोमणे मारले, वेळ काढला. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट लढत संपायच्या आत पिंजऱ्याजवळून, म्हणजे लढतीच्या जाळीबंद आखाड्याजवळून, उठून गेले. जिंकूनही सिल्वाची एवढी नाचक्की कधी झाली नव्हती. ओकलंडला प्रेक्षक आले ते या रागासकट.

आणि सॉनन कोण?

ओरेगन राज्यातला पैलवान. ओरेगन विद्यापीठाकडून कुस्ती खेळला, ग्रीको-रोमनचा भक्कम पाया, आणि एकच खेळ: सरळ चालत जायचं, पट काढायचा, म्हणजे पायांना धरायचं, खाली घ्यायचं, उठू द्यायचं नाही. युशिन ओकामी आणि नेट मार्क्वार्ट या दोन चांगल्या लढवय्यांना त्याने असंच दाबून हरवलं आणि किताबासाठी आव्हान द्यायचा हक्क मिळवला.

लोकांना मात्र तो आठवतो तोंडासाठी. लढतीआधी कित्येक आठवडे त्याने सिल्वाला, ब्राझीलला, सिल्वाच्या गुरूंनाही सोडलं नाही. सिल्वाला जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर फास आणि पकडी लावायच्या विद्येचा, काळा पट्टा त्याचे गुरू नोगेरा बंधू यांच्या तालमीतला. तसला पट्टा म्हणजे लहान मुलांच्या हॅपी मीलसोबत मिळणारं फुकटचं खेळणं, असं सॉनन म्हणाला होता. हे वाक्य लक्षात ठेवा. पाचव्या फेरीत त्याची किंमत चुकती झाली.

त्याची ही बडबड मला आवडत नाही आणि तेव्हाही आवडली नव्हती. कुणाच्या गुरूबद्दल असं बोलणं आमच्या तालमीत खपलं नसतं. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: तो जे करीन म्हणाला, ते त्याने पिंजऱ्यात जाऊन जवळजवळ तंतोतंत करून दाखवलं.

पहिल्या चार फेऱ्यांत काय घडलं?

पहिला धक्का कुस्तीचा नव्हता. सॉनन पट काढायला येणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, सिल्वालाही. तो आला आणि डाव्या हाताचा ठोसा मारला. सिल्वा डगमगला. ज्याला कुणी धड शिवू शकत नव्हतं त्याच्या पायांतलं बळ गेलेलं लोकांनी पाहिलं. मग सॉननने त्याला खाली घेतलं आणि वर बसून मारायला सुरुवात केली.

दुसरी फेरी तशीच. तिसरी तशीच. फेरी सुरू झाली की थोडा वेळ उभ्याने, मग पट, मग सिल्वा पाठीवर आणि सॉनन वर. छोटे छोटे ठोसे, कानावर, कपाळावर, बरगड्यांवर. एकेक फटका वेगळा पाहिला तर भयंकर वाटत नाही. पण ते थांबत नव्हते. नोंद झालेल्या आकड्यांनुसार संपूर्ण लढतीत सॉननचे 320 फटके लागले आणि सिल्वाचे 64. आधीच्या 11 लढतींत सगळ्यांनी मिळून सिल्वाला जितके मारले नव्हते, तितके एकट्या सॉननने एका रात्रीत मारले.

चौथ्या फेरीत सिल्वाला उभ्याने थोडी जागा मिळाली, त्याने चांगले फटके दिले, सॉननच्या चेहऱ्यावर रक्त आलं. वाटलं, आता पारडं फिरतंय. पण सॉननने पुन्हा खाली घेतलं. 20 मिनिटं झाली तेव्हा तिन्ही गुणपंचांच्या कागदावर चारही फेऱ्या सॉननच्या होत्या. सिल्वाला गुणांवर जिंकण्याचा रस्ताच उरला नव्हता.

तो पाठीवर पडला होता, मग हरला कसा नाही?

महाराष्ट्रात हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि तो अगदी योग्य आहे. आपल्या डोळ्यांना लहानपणापासून एक वळण लागलेलं असतं. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती संपली. चितपट. अस्मान दाखवलं. त्यानंतर हलगी वाजते, फेटा उडतो आणि खालचा पैलवान अंगावरची माती झटकत हौद्याबाहेर जातो.

माझे मामा वस्ताद होते, म्हणजे अजून आहेत, फक्त गुडघ्यांमुळे आता हौद्यात उतरत नाहीत. त्यांना मी ही लढत पहिल्यांदा दाखवली तेव्हा पहिल्याच पटाला ते म्हणाले, "झाली की रं कुस्ती. चीत झालाय त्यो." मी म्हटलं, "नाही मामा, यात खांदे टेकले तरी चालतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नदी उलटी वाहते म्हणालो. पाच मिनिटं गप्प बसले. मग विचारलं, "मग खालच्याकडं हाय काय करायला?"

त्यांना जे सांगितलं ते इथे लिहितो. खालच्या माणसाकडे दोन पाय आहेत आणि ते मोकळे आहेत. तो वरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालतो. याला गार्ड म्हणतात. वरचा माणूस त्या विळख्यात असेपर्यंत त्याला नीट उंच होऊन जोर लावता येत नाही, आणि जोर लावायला हात पुढे टाकला की तो हात खालच्याच्या हाती लागू शकतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूचा अर्धा डोलारा या एका कल्पनेवर उभा आहे. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला, त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात गेली, आणि तिथे तिला हे रूप आलं: अंगाने लहान माणूस मोठ्याच्या खाली सापडला तर काय करील?

कुस्तीच्या माणसाला इथे आणखी एक अडचण येते. आपला पैलवान खाली गेला की काय करतो? पालथा होतो. पोट मातीला लावतो, मान आखडतो, पाठ वर ठेवतो, कारण खांदे वाचवायचे असतात. एमएमएमध्ये पालथं होणं म्हणजे मान देऊन टाकणं. वरचा माणूस पाठीवर स्वार होऊन मागून गळ्यात हात घालतो आणि खेळ संपतो. म्हणजे जी गोष्ट हौद्यात वाचवते, ती पिंजऱ्यात बुडवते. म्हणून सिल्वाचं पाठीवर राहणं ही लाचारी होतीच, पण त्यातल्या त्यात सुरक्षित जागाही तीच होती.

मामांना हे पटायला चौथी फेरी उजाडली.

शेवटचा डाव नक्की कसा लागला?

हा भाग सावकाश बघा, शक्य असेल तर वेग निम्मा करून.

पाचवी फेरी. सिल्वा पुन्हा खाली, सॉनन पुन्हा वर, त्याच्या गार्डमध्ये. लढत संपायला दोन मिनिटांच्या आसपास वेळ उरलाय. सॉननला आता काहीच नवीन करायची गरज नाही. पकडून बसला असता तरी जगज्जेता झाला असता. पण त्याचा हात चालूच राहिला.

आता सिल्वाच्या हातांकडे बघा, पायांकडे नको. त्याने सॉननचं मनगट धरलंय. एवढा वेळ मार खाताना तो ते पुन्हा पुन्हा धरायला बघत होता आणि ते सुटत होतं. या वेळी धरून ठेवलं. एक हात अडकला तो नेमका सिल्वाच्या मांड्यांच्या मध्ये, आणि दुसरा बाहेर राहिला. सिल्वाची कंबर वर उचलली गेली, एक पाय सॉननच्या मानेवरून आडवा आला, दुसऱ्या पायाच्या गुडघ्याखाली त्या पायाचा घोटा अडकला. त्रिकोण तयार.

यात गुदमरणं श्वासामुळे नसतं, रक्तामुळे असतं. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. एका बाजूला खालच्याची मांडी दाबते. दुसऱ्या बाजूला दाबतो अडकलेल्या माणसाचा स्वतःचाच खांदा, कारण त्याचा एक हात फासाच्या आत ओढला गेलेला असतो. ज्या खांद्याच्या जोरावर तो इतका वेळ वर बसला होता, तोच त्याच्या गळ्याला लागतो. नीट बसलेला फास काही सेकंदांत शुद्ध हरपवतो.

सॉननने फासातून डोकं काढायचा प्रयत्न केला. सिल्वाने आत ओढलेला हात सरळ केला आणि कोपर ताणलं. म्हणजे गळा आवळलेला, आणि वर कोपर मोडायची वेळ. दोन दुखणी एकदम आली की माणसाला एकीतून सुटायला दुसरीत शिरावं लागतं. सॉननने टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. घड्याळात 1 मिनिट 50 सेकंद उरले होते.

मामांनी मला चार वेळा मागे घ्यायला लावलं. मग चटईवर बसले, म्हणाले, "हात दे हिकडं," आणि माझं मनगट धरून पाय न हलवता मला पुढे ओढलं. माझा खांदा आपोआप गळ्याशी आला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बोटांत तेवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "पायाचा डाव न्हाई ह्यो," ते म्हणाले, "मनगटाचा हाय." जिउ-जित्सूचा एक शब्द माहीत नसलेल्या माणसाने ते एका बैठकीत ओळखलं.

हे निव्वळ नशीब नव्हतं का?

नाही. असं म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालतो.

सिल्वाची बाजू आधी. फेब्रुवारी 2007 मध्ये ट्रॅव्हिस लटरने त्याला असंच खाली घेतलं होतं, छातीवर बसला होता. सिल्वाने तळातून ट्रायँगल लावला आणि फासात अडकलेल्या डोक्यावर कोपरं मारून लढत संपवली. मार्च 2008 मध्ये डॅन हेंडरसन या ऑलिंपिक पैलवानाने पहिली फेरी त्याच्याकडून काढून घेतली होती. दुसऱ्या फेरीत सिल्वाने मागून गळा आवळून त्याला हरवलं. म्हणजे पैलवानाखाली सापडणं आणि तिथून निघणं त्याला नवं नव्हतं. स्वतः तो 2003 मध्ये जपानमध्ये डाइजू ताकासेकडून याच ट्रायँगलने हरला होता. हा डाव त्याने दोन्ही बाजूंनी अंगावर घेतलेला.

आता सॉनन. 2005 मध्ये रेनातो सोब्रालने त्याला ट्रायँगलमध्ये पकडलं. 2006 मध्ये जेरेमी हॉर्नने आर्मबारमध्ये. 2007 मध्ये पाउलो फिल्योने आर्मबारमध्ये. फेब्रुवारी 2009 मध्ये लंडनला डेमियन माइयाने पुन्हा ट्रायँगलमध्ये. वरून मारताना हात लांब पडू देणं ही त्याची जुनी सवय होती. कुस्तीत वाढलेल्या माणसाला खालच्याच्या पायांची भीती वाटत नाही, कारण कुस्तीत त्या पायांना दातच नसतात.

एकाकडे हा डाव होता आणि दुसऱ्याकडे ही भोकं होती. 23 मिनिटं एकाच घरात दोघे राहिले. दार कधीतरी उघडणारच होतं. नशिबाचा भाग एवढाच की ते उघडेपर्यंत सिल्वा शुद्धीवर राहिला, आणि त्यालाही मी नशीब म्हणणार नाही.

रेफरीने लढत आधीच का थांबवली नाही?

रेफरी होते जॉश रोझेन्थल, आणि त्यांनी बरोबर केलं. खालचा माणूस स्वतःचा बचाव हुशारीने करतोय का, एवढंच रेफरी बघतो. सिल्वा हात धरत होता, डोकं हलवत होता, खालून फटके आणि कोपरं मारत होता. सॉननचे फटके संख्येने प्रचंड होते, पण डोळे फिरवणारे नव्हते. तिसऱ्या फेरीत कुणी लढत थांबवली असती तर आज आपण त्या माणसाला दोष देत बसलो असतो.

सिल्वाची बरगडी खरंच दुखावलेली होती?

लढतीनंतर त्याने आणि त्याच्या माणसांनी तसं सांगितलं, डॉक्टरांनी लढू नको म्हटलं होतं असंही सांगितलं. मला त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण या कारणाने सॉननचं काम छोटं करू नये. दुखऱ्या अंगाने हौद्यात उतरलेल्या पैलवानाची कुस्ती ती कुस्तीच असते.

सॉननच्या उत्तेजक चाचणीचं काय झालं?

कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने घेतलेल्या चाचणीत त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण बेसुमार आढळलं. टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचं गुणोत्तर 16.9 ला 1 आलं, मर्यादा होती 4 ला 1. शरीरात हे संप्रेरक कमी तयार होतं म्हणून वैद्यकीय उपचार घेत होतो, असं त्याचं म्हणणं. वर्षभराची बंदी आली, सुनावणीनंतर ती सहा महिन्यांवर आणली गेली, 2,500 डॉलरचा दंड झाला. त्या काळात अशा उपचारांना काही राज्यांत परवानगी मिळत असे. फेब्रुवारी 2014 मध्ये नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने ती सवलतच बंद केली आणि बाकीचेही त्याच वाटेने गेले.

यामुळे मला ही लढत पूर्वीसारखी बघता येत नाही, हे खरं सांगतो. पाचव्या फेरीपर्यंत न थकलेला सॉनन बघताना तो आकडा मनात येतोच. आणि ज्यांना वाटतं की यात सिल्वा धुतल्या तांदळासारखा, त्यांनी पुढचंही वाचावं. जानेवारी 2015 मध्ये निक डियाझविरुद्धच्या लढतीच्या वेळी सिल्वाच्या नमुन्यात ड्रॉस्टॅनोलोन हे स्टेरॉइड सापडलं आणि नेवाडाने त्याच्यावर वर्षभराची बंदी घातली. मी दोघांचाही चाहता आहे. या दोन्ही गोष्टी मला खुपतात, आणि लढतीची गोष्ट सांगताना त्या गाळणं मला जमणार नाही.

दोघांची पुन्हा गाठ पडली का?

हो. 7 जुलै 2012, लास व्हेगास, यूएफसी 148. पहिल्या फेरीत सॉननने लगेच खाली घेतलं आणि पाच मिनिटं तिथेच ठेवलं. अनेकांच्या पोटात गोळा आला असेल, माझ्या तरी आला. दुसऱ्या फेरीत सॉननने गर्रकन फिरून उलट्या हाताचा फटका मारला, तो हुकला, तोल जाऊन तो जाळीपाशी बसला. सिल्वाने छातीवर गुडघा हाणला आणि 1 मिनिट 55 सेकंदांत प्रकरण मिटलं. ती लढत जास्त स्वच्छ आहे. पुन्हा पुन्हा बघावीशी मात्र पहिलीच वाटते.

त्या रात्रीच्या बाकीच्या लढती बघण्यासारख्या आहेत का?

ज्युनियर डोस सांतोस आणि रॉय नेल्सनची बघा. मॅट ह्यूजने रिकार्डो अल्मेडाला हरवलं तीही.

असं याआधी कधी घडलं होतं?

घडलं होतं, आणि ही जोड मला फार महत्त्वाची वाटते. 16 डिसेंबर 1994, अमेरिकेतलं टल्सा शहर, यूएफसी 4. तेव्हा ना फेऱ्या होत्या ना वजनगट. रॉइस ग्रेसी हा सडपातळ ब्राझिलियन, आणि त्याच्यावर डॅन सेव्हर्न हा त्याच्यापेक्षा कितीतरी भारी अमेरिकन पैलवान. सेव्हर्न पाऊण नव्हे, जवळजवळ पूर्ण लढत वर होता. 15 मिनिटं 49 सेकंदांनी ग्रेसीने खालून ट्रायँगल लावला आणि सेव्हर्नने हार मानली. लढत इतकी लांबली की कार्यक्रमाची ठरलेली वेळ संपून अनेक घरांतलं प्रक्षेपणच तुटलं.

सेव्हर्नला तेव्हा कळलं नव्हतं की पाय गळ्याला लागतात. ते समजण्यासारखं आहे, कारण जगातच फार थोड्यांना ठाऊक होतं. सॉननला मात्र पुरतं ठाऊक होतं, जवळजवळ 16 वर्षं लोटली होती, तो स्वतः त्यात आधीही अडकला होता. तरीही अडकला. माहीत असणं वेगळं आणि पाचव्या फेरीत, घामाने निथळत असताना, जिंकायला दोन मिनिटं उरली असताना कोपर आत ठेवणं वेगळं.

या लढतीनंतर सिल्वाचं काय झालं?

फेब्रुवारी 2011 मध्ये त्याने व्हिटर बेलफोर्टला समोरून मारलेल्या लाथेने पाडलं, पुढे ओकामीला, मग सॉननला दुसऱ्यांदा, मग स्टीफन बॉनरला हरवलं. यूएफसीत सलग 16 विजय झाले. किताब 2,457 दिवस त्याच्याकडे राहिला. 6 जुलै 2013 रोजी क्रिस वाइडमनने तो घेतला, हात खाली ठेवून चिडवणाऱ्या सिल्वाला एका डाव्या ठोशाने झोपवून. त्या डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत वाइडमनने अडवलेल्या लाथेवर सिल्वाच्या डाव्या पायाची नडगी मोडली. ते दृश्य मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहणार नाही. 2023 मध्ये यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

ओकलंडला ते 1 मिनिट 50 सेकंद निघून गेले असते तर यातलं बरंच काही वेगळं झालं असतं.

आपल्याकडच्या पैलवानाने यातून काय घ्यावं?

महाराष्ट्रातून एमएमएकडे वळणारी मुलं बहुतेक कुस्तीतूनच येतात. मुंबईचा भरत खंडारे त्याच वाटेने यूएफसीपर्यंत गेला. 25 नोव्हेंबर 2017 रोजी शांघायमध्ये तो सोंग यादोंगशी लढला आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये, म्हणजे पुढून मान काखेत धरून लावलेल्या फासात हरला. त्याच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथवर जाणं हीच डोंगराएवढी गोष्ट.

ज्या मुलाला पट येतो, कब्जा येतो, दम आहे, त्याच्याकडे सॉननची पहिली 23 मिनिटं तयार आहेत. ती तालीम देते. उरलेली 10 सेकंदं तालमीत शिकवली जात नाहीत, कारण तिथे त्यांची गरजच नसते. म्हणून पहिल्या दिवसापासून जिउ-जित्सूच्या चटईवर, कुणाच्या तरी गार्डमध्ये, तासन् तास बसा. तिथे रोज लहानसहान पोरांकडून टॅप करावं लागेल. ज्याच्या नावापुढे गावोगावच्या मैदानांत मोठी बिदागी लागते, अशा गड्याला हे जड जातं. मी दोघांना याच कारणाने सोडून जाताना पाहिलंय, आणि दोघेही माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगले पैलवान होते.

पूर्ण बघायला वेळ नाही. फक्त शेवट बघितला तर चालेल?

नको. शेवटची फेरी तेवढी बघितलीत तर एक सुंदर डाव दिसेल आणि विसरून जाल. तिसरी फेरी कंटाळवाणी आहे, ती मुद्दाम बघा. तीच ती पकड, तेच ते ठोसे, आणि खालून सिल्वाचा हात मनगट शोधतोय. धरतो, सुटतं. धरतो, सुटतं. मामा दुसऱ्यांदा बघायला बसले तेव्हा ते मोजत होते. किती झाले ते त्यांनी मला सांगितलं नाही. पाचव्या फेरीत मनगट सुटलं नाही तेव्हा त्यांनी फक्त मांडीवर थाप मारली, हौद्यात उतरताना मारतात तशी.